पत्र्यांवरचे टायर

आरोग्यसेविका म्हणून माझी नेमणूक सोनगीरजवळच्या, माझ्याच माहेरच्या गावी झाली. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. मला मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट दिसत होती. हायवेला लागून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जुन्या टायरांचं दुकान होतं आणि दुकानामागे टायरांचा कमरेइतका ढीग उघड्यावर पडलेला होता. पाऊस झाला की प्रत्येक टायरात पाणी साचायचं.

गावात डेंग्यूचे पेशंट निघू लागले, तसा घरोघर साठवलेलं पाणी तपासायचा हुकूम आला. मी आधी आबांच्याच दुकानात गेले. तिथे काणाडोळा केला असता, तर बाकीच्या गावाने मला दारात उभं केलं नसतं.

शेजारच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा जण बसले होते. त्यांच्यादेखत आबांनी विचारलं, "तू मनी पोर म्हनीसन उनी, का सरकारनी बाई म्हनीसन?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"टायर शे ते, मडकं नही."

मी वादात शिरले नाही. एका टायरातलं पाणी दुकानातल्या पांढऱ्या बशीत काढलं आणि बशी त्यांच्यासमोर धरली. अळ्या वळवळत होत्या. टपरीवरचे लोकही उठून बघायला आले. आबा तोंड फिरवून दुकानात गेले. चारचौघांत दाखवलं, हे त्यांना लागलं होतं. पण मी पुढच्या फेरीला गेले तेव्हा सगळे टायर उपसून, पुसून शेडखाली रचलेले होते. माझ्याशी मात्र अबोला. आई म्हणाली, "ऐकलं ना त्यांनी? मग बोलण्याचं काय घेऊन बसलीस!"

तालुक्याहून मशीन आलं, धूरफवारणी झाली. घराघरातले ड्रम, रांजण घासून झाले, हौदात गप्पी मासे सोडले. तरी मशिदीमागच्या गल्लीत ताप थांबेना. तिथल्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांच्या सुनेच्या प्लेटलेट्स एवढ्या उतरल्या की तिला धुळ्याला हलवावं लागलं. मी त्या गल्लीतलं एकूण एक भांडं पाहिलं होतं. काहीतरी नजरेतून सुटत होतं, आणि ते सापडेल याची मला खात्री होती.

ते सापडलं गावाच्या उंच टाकीवर. टाकीचं झाकण नीट बसलं आहे का, हे बघायला मी जिन्याने वर चढले होते. खाली पाहिलं, तर त्या गल्लीत पत्र्यापत्र्यावर काळी कडी. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून लोकांनी वजनाला टायर ठेवले होते. आम्ही सगळे जमिनीवर पाणी शोधत होतो, आणि ते डोक्यावर भरून ठेवलेलं होतं.

मी तशीच दुकानात गेले. "आबा, पत्र्यांवरचे टायर कुठून गेलेत?"

त्यांनी मान वर केली. अबोला विसरून म्हणाले, "आठेनच. निकामी टायर कोन इकत ली? असाच दी टाकेत." मग हातातला टायर त्यांनी खाली ठेवला. चाचांच्या पत्र्यावरचा टायर त्यांनी स्वतः नेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीन आणि वायरचं भेंडोळं घेऊन ते माझ्याआधी गल्लीत हजर. पहिलं घर चाचांचं. चाचा काळजीने म्हणाले, "आबा, टायर काढला तर पत्रा उडेल. घरात आधीच आजारपण."

"काढत नही. भोकं पाडस," आबा म्हणाले आणि शिडीवर चढले. टायर उभा करून त्यातलं पाणी खाली रस्त्याच्या कोरड्या मातीवर ओतलं. मातीत तडफडणाऱ्या अळ्या बघून चाचांनी कपाळाला हात लावला. आबांनी टायरच्या खालच्या बाजूला चौफेर भोकं पाडली आणि तो होता तिथेच ठेवला. वजन तेच, पाणी मात्र थांबणार नव्हतं.

आम्ही एकेक घर करत पुढे गेलो. मी शिडी धरायची, ते वर चढायचे. दुपारी चाचांनीच चहा पाठवला. गल्ली संपली तेव्हा आबांचे कपडे काळे झाले होते आणि ते चक्क शीळ घालत होते.

चाचांची सून बरी होऊन घरी आली. त्या पावसाळ्यात त्या गल्लीत नवा पेशंट निघाला नाही. आता बाकीच्या गल्ल्यांतली माणसं दुकानात येऊन विचारू लागली, "आबा, आमच्याकडे कधी येता?"

आबा टायरावरची नजर न काढता सांगायचे, "मनी पोरले इचारा. दिन ती ठरावस."