एकाच दुरडीतल्या भाकरी

आमच्या औशाच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीच्या सणाच्या रविवारी भक्ती संपली की प्रीतिभोजन असतं. घरोघरच्या भाकरी एकाच दुरडीत रचायच्या आणि हाताला येईल ती घ्यायची. कुणाची कुठली, हे विचारायचं नाही. गावात ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, त्या आमच्या आज्या-पणज्यांनी हा रिवाज पाडला. दुरडीचा कारभार माझ्या सासूबाईंकडं.

त्या वर्षी पारधी वस्तीवरची एक बाई उपासनेला यायला लागली होती. मागच्या भिंतीला टेकून बसायची. पाळकांनी तिला सांगितलं, या रविवारी तूही भाकरी आण. तिनं आणल्या, धुतलेल्या फडक्यात बांधून. सासूबाईंनी गाठोडं घेतलं, तोंडभर हसल्या आणि दुरडी सोडून थेट खिडकीत नेऊन ठेवलं. मी पाहिलं. तिनंही पाहिलं.

"आत्याबाई, दुरडीत टाका की त्या," मी हळूच म्हणाले.

"गप बस. लोक जेवणार न्हाईत. सणाचा विचका करायचाय का तुला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण भक्तीच्या आधीच तमाशा नको म्हणून दात-ओठ खात बसले.

वचन वाचायची पाळी नेमकी माझी. एक यहुदी शिष्य, परजातीच्या घरात कधी पाऊल न टाकलेला. कुणालाही अपवित्र म्हणू नको, असं देव त्याला दृष्टान्तात पुन्हा पुन्हा बजावतो, तेव्हा कुठं तो रोमी फौजेतल्या शताधिपतीचा उंबरा ओलांडतो. तिथं त्याला उमगतं की देव तोंड बघून माणूस निवडत नाही, शुभवर्तमान सगळ्या राष्ट्रांसाठी आहे. मी वाचत होते आणि समोर सासूबाई खुशाल मान डोलवत होत्या. ही गोष्ट त्यांनीच माझ्या लेकरांना शिकवलेली. रोमी माणूस चालतो हो, तो लांबचा. पारधी वस्ती पडली नाल्यापलीकडं.

पंगत बसली. मी उठले, खिडकीतलं गाठोडं सोडलं आणि त्या भाकरी दुरडीत सगळ्यांत वर ठेवल्या. पुढं आलेले हात जागच्या जागी थांबले. एक घर ताट न घेताच उठून गेलं. आता ही बाई इथं परत यायची नाही, आणि ते माझ्यामुळं झालं असं वाटलं.

ती उठून उभी राहिली होती. "राहू द्या, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांसाठी म्हंजी आमी बी."

दारापर्यंत गेलीसुद्धा. सासूबाई माझ्याकडं अशा बघत होत्या की आता घरी माझी धडगत नव्हती. मग त्यांनी हात घातला, वरचीच भाकरी उचलली, मोडली आणि घास तोंडात टाकला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी सावकाश चावून गिळला.

"ए बाई, चाललीस कुठं?" त्या म्हणाल्या. "कडा कच्च्या राहिल्यात."

ती दारातच थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"पुढल्या सणाला नीट शेकते," ती म्हणाली आणि आमच्या पंगतीत येऊन बसली.