चार खोकी

आमच्या वीज कंपनीच्या कचेरीत त्याला सगळे आकडेवाला म्हणायचे. घरोघरी जाऊन मीटर वाचायचे आणि आकडे टिपायचे, हे आम्हा सगळ्यांचंच काम. पण कुठल्या घराचा मागच्या महिन्याचा आकडा काय होता, ते तोंडपाठ सांगणारा तो एकटाच. कामाला वाघ, बोलायला महाकंजूष. बायको गेली तेव्हाही चौथ्या दिवशी कामावर हजर. "घरी बसून काय करू? भिंती खायला उठतात," एवढंच म्हणाला.

त्याच भिंतींना रंग द्यायचं त्याने काढलं आणि घात झाला.

त्याची एकुलती एक लेक तेवीस वर्षांची, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. ती दहा दिवस परगावी प्रशिक्षणाला गेली होती. तिच्या पलंगाखाली चार खोकी होती. तीन कॉमिक्सची, एक गाण्यांच्या तबकड्यांचं. रंगाऱ्याला जागा हवी होती. पोर आता कमावती झाली, चित्रांची पुस्तकं कशाला हवीत, असं म्हणत याने भंगारवाल्याला हाक मारली.

लेक परत आली, पलंगाखाली वाकली आणि तशीच बसून राहिली. ना रडली, ना ओरडली. "बाबा, ती आईची आणि माझी होती," एवढंच बोलली. आठ दिवसांनी ती घर सोडून गेली. नोकरी सोडली, फोनचा नंबर बदलला. शेगडीजवळ चिठ्ठी ठेवली होती, 'मला शोधू नका.'

मग त्याच्या बहिणीने त्याला फैलावर घेतलं. "अरे, दर शनिवारी मायलेकी त्या दुकानात जायच्या. वहिनी गाणी ऐकायची, पोर कॉमिक घ्यायची. घरी आली की पहिल्या पानावर पेन्सिलीने त्या दिवसाचं काहीबाही लिहायची. तुला एवढंही माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. शनिवारी तो जादा कामावर असायचा.

ते दुकान चावीवाला आणि लाँड्री यांच्या मधोमध, सात पायऱ्या उतरून तळघरात. छतापर्यंत फळ्या, जमिनीवर पेट्या, एक जुना रेकॉर्ड प्लेअर सतत चालू. मालकीण साठीची, आखूड केसांची, गळ्यात दोरीला चष्मा. गिऱ्हाइकं तिला तबकडीबाई म्हणायची.

"भंगारातली कॉमिक्स येतात का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"येतात की. कुठलं हवंय?"

"नाव नाही माहीत. आत पेन्सिलीने लिहिलेलं असेल."

तबकडीबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बघा शोधून," म्हणाली.

काम संपलं की तो रोज तिथे जायला लागला. फरशीवर गुडघे टेकायचे आणि एकेक पुस्तक उघडून पहिलं पान बघायचं. असे पाच महिने गेले. जेवण तुटलं, शर्ट अंगावर लोंबायला लागला. एकदा मी हट्टाने त्याच्याबरोबर गेलो आणि नेमकं त्याच दिवशी एक सापडलं. ओळ होती, 'आज आई दुकानात नाचली. मालकीणबाईपण.'

त्याने ती दोनदा वाचली. मग मला विचारलं, "नाचायची ती?"



पुस्तक घेऊन तो काउंटरवर गेला. तबकडीबाईने अक्षर बघितलं आणि चष्मा काढला. "असली अकरा मी विकलीत. एकाच मुलीला."

त्याने काउंटरची कड घट्ट धरली. "कुठे राहते? ताई, कधी येते ती?"

"ते नका विचारू. तिने शपथ घातलीय."

"मी बाप आहे हो तिचा."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. डोळे तिच्यासारखेच आहेत."

त्याने हात जोडले. "नीट जेवते का, एवढं तरी सांगा."

"बारीक झालीय," तबकडीबाई म्हणाली आणि तोंड फिरवून तबकडी बदलायला लागली.

त्यानंतर माणसाचं भान सुटलं. त्याने रजा टाकली आणि दुकानासमोरच्या बसथांब्यावर सकाळपासून ठाण मांडलं. नवव्या दिवशी ती आली. पायरीवर पाऊल ठेवताना तिने मान वळवली आणि बाप दिसला. हा नावाने हाका मारत रस्ता ओलांडून धावला. ती पळत सुटली, कोपऱ्यावर थांबलेल्या बसमध्ये चढली. बस हलली तरी हा मागे धावतच होता. चावीवाल्याने धरलं म्हणून गाडीखाली आला नाही.

दोन महिने तिने दुकानाकडे पाठ फिरवली. तबकडीबाईने त्याला सुनावलं, "भाऊ, तिला सारखं यावंसं वाटेल असं हे एकच ठिकाण उरलं होतं. तेही तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत."

तो मग म्हणाला, "तिला निरोप देता येईल?"

"फोन नंबर आहे माझ्याकडे. नवा माल आला की कळवते."

"मग कळवा. म्हणावं, मी या रस्त्याला पुन्हा फिरकणार नाही."

सापडलेलं पुस्तक त्याने काउंटरवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन स्वतःचा भाग बदलून घेतला, कारण त्याच्या भागात जायची वाट त्याच रस्त्यावरून होती. त्याबदली गावाबाहेरचे कारखाने घेतले, जिथे कुणी जायला तयार नसायचं.

पुढच्या वर्षी तबकडीबाई कचेरीत आली, तिच्या दुकानाचं मीटर बंद पडलं होतं. हा कोपऱ्यात नोंदी करत होता. ती थेट त्याच्या टेबलापाशी गेली. "भाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं."

तो ताडकन उठला. खुर्ची मागे कलंडली. "नका सांगू, ताई, पाया पडतो. येते म्हणालात तर मला राहवणार नाही. आणि येत नाही म्हणालात तर..." तो आतल्या खोलीत गेला आणि कडी लावून घेतली.

तबकडीबाईने माझ्याकडे बघितलं. मी तिचा अर्ज भरून घेतला, सही कुठे करायची ते दाखवलं. विचारावं असं ओठांवर आलं होतं. पण उत्तर कळलं असतं, तर ते त्याच्यापासून लपवून रोज त्याच्या शेजारी बसणं मला जमलं नसतं. ती सही करून निघून गेली.