वडशाला जामिनासाठी

चांद्याहून (म्हणजे चंद्रपूरहून) छोटी (नॅरोगेज) रेल्वेगाडी हलली आणि आमच्या वकीलसाहेबांनी डोळे मिटले. मी त्यांचा ज्युनिअर. आजवर त्यांच्याकडून एकच विद्या शिकलो होतो: कोर्टात उठायचं, कमरेत वाकायचं आणि पुढची तारीख मागायची.

नागभीडला गाडी इतकी रेंगाळली की मी उतरून लाखोरीचे (इकडच्या डाळीचे) वडे खाल्ले. साहेबांसाठी घेतलेलेही मीच संपवले. पुढे दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (खाचरं), त्यांच्यामागे जंगल आणि समोर घोरणारे साहेब.

वडशाला स्टेशनवर शेवंताबाई वाट पाहत होती. तिचा नवरा देवाजी आमचा पक्षकार, गावच्या नाटकातला राजा. मांडवासाठी त्याने राखीव जंगलातून बल्ल्या (लाकडी वासे) तोडल्या आणि महाराज थेट कोठडीत गेले. मंडईचं (गावच्या जत्रेचं) नाटक दुसऱ्याच दिवशी होतं.

"भाऊ, पाहुणे येऊन राह्यले. हे नाई सुटले तं राजा कोन होईन? गावात तोंड दाखवाले जागा नाई राहनार."

"सुटेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

कोर्टात पुकारा झाला. साहेब डुलकीतून दचकून उठले, वाकले आणि म्हणाले, "पुढची तारीख मिळावी."

माणूस आमचा आत, जामिनाचा अर्ज आमचा आणि तारीखही आम्हीच मागत होतो! सरकारी वकिलांनी घाईघाईने "हरकत नाही" म्हणून टाकलं. मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. मागे शेवंताबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. सीनियरच्या वर बोलणारा ज्युनिअर आमच्या धंद्यात टिकत नाही. तरी मी उठलो.

"मॅजिस्ट्रेटसाहेब, तारीख नको, जामीन हवा. बल्ल्या जप्त झाल्या आहेत. आणि आरोपी पळेल कुठे? उद्या नाटकात सगळ्या गावासमोर सिंहासनावर बसणार आहे."

मॅजिस्ट्रेट हसले. जामीन झाला.

बाहेर शेवंताबाईने माझे दोन्ही हात धरले. "पुढच्या पेशीले तुमीच या भाऊ. बड्या साहेबाले घरीच झोपू द्या."

बडे साहेब तिच्या मागेच उभे होते.

परतीच्या गाडीत साहेब टक्क जागे होते. ब्रह्मपुरी गेलं, नागभीड गेलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "उद्यापासून ऑफिसात येऊ नकोस."

मला खूप भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आवरेना. वकिली शिकायला लोक मोठमोठ्या शहरांत जातात. माझं वडशातच भागलं. चांद्याला उतरलो तेव्हा मला साहेब नव्हते, ऑफिस नव्हतं. पक्षकार मात्र एक होता.