पाव किलो

मंदाताई मुलांना नावानं हाक मारत नसत, वजनानं मारत. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणवाडीत गेले तेव्हा त्या दारात उभ्या राहून गल्लीकडे तोंड करून ओरडत होत्या, "ए सवा नौ, चड्डी पहन के आ! और वो साढ़े सात किधर है? अम्मा के साथ घाट पे गई क्या?" मी त्यांची नवी पर्यवेक्षिका. मला ते भारी निर्दय वाटलं. "मंदाताई, मुलांना नावं असतात," मी म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बहुधा अंदाज घेतला, आणि म्हणाल्या, "मॅडम, नाव आईबापांनी ठेवलंय, ते त्यांच्यापाशी राहू द्या. सरकार मला वजन विचारतं."

वस्ती शिप्रेच्या काठची. बायका राम घाटावर फुलं नि दिव्यांचे द्रोण विकणाऱ्या, पुरुष मिळेल ते काम करणारे. अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक पातेलं, एक वजनकाटा आणि मंदाताई. त्या उज्जैनच्या जुन्या मराठी घरातल्या. "आमचे पूर्वज सरकारचं दफ्तर सांभाळायचे, मी सरकारची पोरं सांभाळते. पगार बहुतेक तेव्हाचाच चालू आहे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मी बँकेतल्या वडिलांच्या बदलीमुळे या गावात आलेली, म्हणजे त्यांच्या हिशेबी कालचीच पाहुणी. माझं मराठी त्यांना पुस्तकी वाटे आणि त्यांचं मला अर्धं हिंदी.

तोंड फार वाईट होतं बाईंचं. एखाद्या आईनं चार दिवस मूल आणलं नाही की त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. "तेरी छोरी को हवा उड़ा ले जाएगी, फिर आना मेरे पास रोने!" बायका त्यांना शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी मूल घेऊन हजर होत. मायेचा एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. पण मूल नुसतं उचललं तरी त्याचं वजन त्या बरोबर सांगत, आणि उचललेलं मूल खाली ठेवायला त्यांना जरा वेळच लागे. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आमच्या कामात मुलांना तीन रंग असतात. हिरवं मूल ठीक, पिवळं कमी वजनाचं, लाल फारच कमी. लाल मुलासाठी सरकारकडून वेगळा पैसा येतो. त्यातून त्याला रोजचं एक जास्तीचं जेवण आणि दवाखान्याच्या पोषण कक्षात आईसकट चौदा दिवस खाट मिळते. पिवळ्याला यातलं काही नाही, सगळ्यांबरोबरची खिचडी तेवढी. पण हा पैसा वर्षागणिक आखडत चालला होता, आणि वरच्या साहेबांना लाल रंग बघवत नव्हता. तो कमी करायचे दोन मार्ग होते. मुलांना खायला घालणं हा त्यातला लांबचा.

या वस्तीत मुलांच्या हातापायांत गिलटाची, म्हणजे स्वस्त पांढऱ्या धातूची, कडी असत. आधीची मुलं गेलेली असली की आई देवीला नवस बोले आणि नव्या बाळाला चार जाड कडी घाली. पाच वर्षं पुरी झाली की ती देवीच्या ठाण्यावर उतरायची, त्याआधी नाही. आमचा नियम सांगतो, वजन करताना अंगावर काही नको. मंदाताईंनी यावर आपली तोड काढली होती. त्या बाजारात जाऊन तस्सीच कडी शोधत, दुकानदाराच्या काट्यावर तोलत आणि तेवढं वजन मुलाच्या वजनातून वजा करत. भिंतीवर खडूनं यादीच होती, कुणाची किती. "आईचा नवस आईपाशी, गिलटाचं वजन गिलटापाशी," त्या म्हणत. "पोराच्या नावावर कशाला चढवू?"

त्यातली एक काजल. दोन वर्षांची, संगीता नावाच्या फूलवालीची तिसरी मुलगी. आधीच्या दोघी गेल्या होत्या. मंदाताई तिला 'पौने आठ' म्हणत. दोन महिने जास्तीचं जेवण चारून त्यांनी तिला आठच्या जवळ आणली होती. आठ किलो शंभरच्या पुढं लाल रंग संपतो. काजल अजून लाल होती आणि पोषण कक्षात तिच्या खाटेचा नंबर लागत आला होता.

नेमके तेव्हा साहेब तपासणीला आले. माझ्या सेक्टरमध्ये, म्हणजे माझ्या हाताखालच्या अंगणवाड्यांत, लाल मुलं तेवढी चारच उरली होती. त्यातलं एक जरी कमी झालं तर सव्वीस जानेवारीला मला व्यासपीठावर प्रशस्तिपत्र मिळणार होतं. साहेबांनी ते मला गाडीतच सांगितलं होतं. वाचणाऱ्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, पण हे मी लपवणार नाही. मला ते प्रशस्तिपत्र हवं होतं.

काजलला काट्यावर ठेवलं. आकडा उमटला, आठ किलो दोनशे. मंदाताईंनी भिंतीकडे बघून सांगितलं, "पाव किलोची कडी. सात नऊशे पन्नास. लाल."

साहेबांनी विचारलं, "ये घटाना किस नियम में है?"

"नियम में तो नंगा तौलना है साब. उतरवाइए कड़े, आपसे उतरते हों तो."

संगीतानं पोरीला घट्ट धरलं. "ना बाई, कड़ा मत उतारो. पाँच बरस की होएगी तब माताजी के थान पे उतरेगा. दो गई हैं मेरी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्यवेक्षिका, शब्द माझा चालायचा. मी म्हटलं, "काट्यावर दिसतं तेच लिहायचं, मंदाताई." त्या हलल्या नाहीत. मग मी स्वतः फोन काढला, काट्याचा फोटो घेतला आणि नोंदीच्या अॅपमध्ये आठ किलो दोनशे भरलं. काजलच्या नावापुढचा लाल ठिपका पिवळा झाला. साहेब म्हणाले, "देखिए, बच्ची तो सुधर रही है."

मंदाताई एवढंच बोलल्या, मराठीत, म्हणजे माझ्यापुरतं. "मॅडम, पाव किलो लोखंडानं पोट भरत नाही."

गिलट म्हणजे लोखंड नव्हे, असं माझ्या मनात आलं. खरंच तेच आलं. माणूस किती हलका असू शकतो!

काजलचं जास्तीचं जेवण बंद झालं. खाट दुसऱ्या मुलाला गेली. मंदाताई आपल्या डब्यातलं तिला चारत होत्या, हे मला खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस बाईनं सांगितलं, आणि मी त्यांना विचारलं नाही. व्यासपीठावर प्रशस्तिपत्र घेताना मी निळी पैठणी नेसले होते. फेब्रुवारीत काजलला जुलाब लागले. चौथ्या दिवशी ती गेली. धडधाकट मूल अशा जुलाबातून उठतं, डॉक्टर म्हणाले. ती सुधारत असल्याची नोंद माझ्या हातची होती.

आठवड्यानं मंदाताईंनी मला बोलावून घेतलं. संगीता कोपऱ्यात बसली होती. नवस पुरा न झालेली कडी घरात ठेवायची नाहीत, म्हणून शिप्रेत सोडण्याआधी ती दाखवायला आली होती. मंदाताईंनी ती चारही कडी काट्यावर ठेवली. आकडा उमटला, दोनशे पन्नास.

"फोटो काढा मॅडम," त्या म्हणाल्या. "अॅपमध्ये टाका. बघा, कोणत्या रंगात बसतंय."

मी दाराकडे वळले. मागून त्यांची नेहमीची, गल्ली ओलांडणारी हाक आली. "ए पाव किलो! चप्पल घालून जा, काटे आहेत बाहेर."

त्या दिवसापासून मी पाव किलो. बैठकीत, सगळ्यांदेखत, शांतपणे. "पाव किलो मॅडमनी सांगितलं तर लिहू." इतर सेविकांना कारण ठाऊक नव्हतं, त्या हसायच्या. मला राग यायचा, आणि तो दाखवायला तोंड नव्हतं. मग चार महिन्यांनी मंदाताईंवर चौकशी लागली. वर्षानुवर्षं वजनं घटवून लाल मुलांचा आकडा फुगवला, सरकारचा पैसा उधळला, असा ठपका होता. माझा अभिप्राय मागितला. त्यांची वजाबाकी बरोबर होती हे जगात मलाच पक्कं माहीत होतं. मी लिहिलं, 'सदर पद्धत नियमात नाही.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांना काढून टाकलं.

त्यानंतर त्या एकदाच भेटल्या. देवास गेटच्या बसस्टँडवर मी रिक्षा शोधत होते. मागून हाक आली, "ए पाव किलो!" मी वळले. त्या खंडव्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, भाच्याकडे कायमच्या निघालेल्या. आवाज तसाच होता, पण चेहरा सुकला होता. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"नव्या बाईला सांगितलंत का," त्यांनी विचारलं, "कडी वजा करायची म्हणून? भिंतीवरची यादी तिनं पुसली असेल. सवा नऊचे दोनशे दहा आहेत. मुनिया फूलवालीच्या धाकट्याचे एकशे ऐंशी. लिहून घ्या."

मी पर्समधून पेन काढलं आणि हातात होता त्या कागदावर लिहून घेतलं. गाडी हलली तरी त्या खिडकीतून आकडे सांगतच होत्या. शेवटचे दोन मला गर्दीत नीट ऐकू आले नाहीत.

याला दोन वर्षं होतील. तो कागद माझ्या कपाटात प्रशस्तिपत्राखाली आहे. नव्या बाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्या कड्यांसकट वजन करतात, आणि माझ्या सेक्टरमध्ये आज एकही मूल लाल नाही.