गिरणीच्या सुरात

शरदातल्या रविवारी संध्याकाळी बदलापुरातल्या मांजर्लीच्या त्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो आणि मग आवाज. वास नुकत्याच दळलेल्या गव्हाचा, कोमट, किंचित गोडसर. आवाज गिरणीचा, पण तो कानांआधी तळपायांना कळतो, कारण आमचा सराव गिरणीच्या बरोबर वरच्या खोलीत चालतो आणि त्या खोलीची फरशी दिवसभर मांजरासारखी गुरगुरत असते. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आत येतं, त्यात पिठाचे कण तरंगत राहतात आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या आम्हा बायाबाप्यांच्या केसांवर हळूहळू असं काही साचतं, की मूळचे पांढरे कुणाचे आणि आजचे कुणाचे हा वाद आपोआप मिटतो.

आमच्या या समूहाला धड नाव नाही. निमंत्रणपत्रिकेवर एक भारदस्त संस्कृत नाव छापलेलं असतं, पण बदलापुरात आम्हाला ‘गिरणीवरची मंडळी’ म्हणूनच ओळखतात. कुणी कारखान्यात पाळीवर जाणारे, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी नुसतेच निवृत्त. वर्षातून चार वेळा, चैत्रात, श्रावणात, शरदात आणि माघातल्या थंडीत, आम्ही इस्त्रीचे कपडे घालून लोकांसमोर उभे राहतो आणि त्या त्या ऋतूची गाणी म्हणतो. बहुतेक गाणी मीनाताईंची. मीनाताई गायकवाड आमच्या गुरू, चालक आणि प्रसंगी जेलर. त्यांच्या वडिलांची अंबरनाथला गायनपार्टी होती. जयंतीच्या दिवसांत आणि बुद्धपौर्णिमेला ती वस्त्यावस्त्यांतून गात हिंडायची आणि परकरातली मीना मागच्या रांगेत उभी राहून कोरस द्यायची. मागच्या रांगेचा अभिमान त्यांना तेव्हापासूनचा. पुढच्या रांगेत कोण उभं राहणार यावरून आमच्यात रुसवेफुगवे झाले, की त्या नुसत्या हसतात.

गिरणी हरेशशेठची. हे उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि रागावले की पूर्ण सिंधी. काही वर्षांपूर्वी उल्हास नदी गल्लीत आली, घरचं माणूस यावं तशी, न विचारता. लोकांनी दळायला ठेवलेली धान्याची पोती भिजू नयेत म्हणून मीनाताईंनी आम्हाला गोळा केलं आणि गुडघाभर पाण्यातून आम्ही ती वरच्या रिकाम्या खोलीत नेली. दम टिकावा म्हणून गाणीही म्हटली. पाणी ओसरलं, पोती खाली गेली आणि शेठनी खोलीची किल्ली मीनाताईंच्या हातात ठेवली. त्या पुरावर मीनाताईंनी गाणं रचलं, ‘नदीबाई’. त्यात नदीला आधी चार शब्द सुनावलेले आहेत आणि नंतर तिच्या तब्येतीची चौकशी केलेली आहे. आमच्याकडे नदीशी असंच वागावं लागतं.

आता गिरणीवर गायचं म्हणजे गिरणी आलीच. सुरुवातीला आम्ही कुरकुर केली, पण मीनाताई म्हणाल्या, अन्नदात्याला गप्प बसवायचं नाही. त्यांनी पेटीवर बोटं फिरवून गिरणीच्या घुमण्याशी जुळणारी पट्टी शोधली आणि तोच आमचा षड्ज ठरवला. धान्य ओतायच्या चाडीत नवा घास पडला की तो घुमणारा आवाज क्षणभर बसतो, मग पुन्हा जागेवर येतो. त्या क्षणाला आम्ही आपसूक श्वास घेतो, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही राहिलेलं नव्हतं.

माझा आवाज वरचा. ‘नदीबाई’च्या शेवटच्या कडव्यात नदी आपल्या पात्रात परत जाते, सगळे थांबतात आणि एकच आवाज तार षड्जाच्या वर चढून पुरानंतरचं स्वच्छ आभाळ दाखवून येतो. तो आवाज माझा होता. हे सांगताना अजूनही माझी मान थोडी ताठ होते. मीनाताई म्हणतात, वैशालीचा आवाज तेवढा गेला, तोरा आहे तिथंच आहे.

गेल्या माघातला कार्यक्रम झाला आणि माझ्या गळ्यात गाठ निघाली. गाठ निरुपद्रवी होती, शस्त्रक्रिया नीट झाली, जखमही शहाण्यासारखी भरून आली. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचा आवाज येईल, गाण्याचं सांगता येत नाही. बोलण्याचा आला. मग एका दुपारी मेथी निवडता निवडता, घरात कुणी नाही असं पाहून, मी वरचा सूर लावायला गेले आणि तिथं काही नव्हतंच. बेसूर नव्हतं, चिरकं नव्हतं. नुसती हवा होती. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. उरला होता तो खाली कुठंतरी एक जाडाभरडा सूर, तोही तोंड मिटून धरला तरच टिकणारा. मी मेथीच्या ढिगासमोर बसून मनसोक्त रडले आणि त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

त्यानंतर मी मंडळात ‘मदतीला’ जाऊ लागले. सतरंज्या अंथरायच्या, चहा गाळायचा, कार्यक्रमाच्या दिवशी साड्यांना पिना लावायच्या, निवेदकाचा माईक सांभाळायचा. श्रावणातल्या कार्यक्रमात कुणीतरी आभार मानताना मला आधारस्तंभ म्हणालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्तंभ गातो का? ज्याच्या जिभेवर गाणं आहे त्यानं ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत साखर ढवळत बसावं, याच्याइतकं दुःख मला तरी दुसरं ठाऊक नाही. शिवाय माझी वरची जागा मलाच शिकवायची होती. शीतल, आमच्यातली सगळ्यांत धाकटी, नर्सची नोकरी सांभाळून माझ्या घरी यायची. मला गाऊन दाखवता येत नव्हतं, म्हणून मी हात उंचावून दाखवायचे: इथून इथपर्यंत, मग थोडं थांब, मग आणखी वर. ती माझ्या हाताकडे बघत चढायची. पोर गुणी होती आणि त्याचंच मला फार लागायचं.

शेवटी मी मीनाताईंना सांगून टाकलं, की शरदाचा कार्यक्रम पार पाडते, त्यानंतर माझं नाव काढा. त्या पेटीचा भाता पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नाव कुठं लिहिलंय, काढायला?” मी म्हटलं, मी थट्टा करत नाहीये. “मी पण नाही करत,” त्या म्हणाल्या, “रविवारी येत जा.” मला हे समजावणंही वाटलं नाही आणि सांत्वनही. मी मनाशी पक्कं केलं, की कोजागरीनंतर या गल्लीत यायचं ते फक्त दळण घेऊन.

या वेळचा कार्यक्रम कोजागरीला, अंबरनाथ पश्चिमेला, एका शाळेच्या नव्या सभागृहात होता. आजवर आम्ही सोसायट्यांच्या आवारात नाहीतर मोकळ्या मैदानात गायलो होतो; मागे कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या, पुढे पळणारी मुलं आणि सोबत पेटी, ढोलकी. इथं मऊ खुर्च्या होत्या, जाड पडदे होते आणि दारं लावली की आपलाच श्वास ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेचा मान म्हणून मीनाताईंनी ठरवलं होतं, की ‘नदीबाई’ वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांनी म्हणायचं. सरावात तसं म्हणून पाहिलं तेव्हा सूर जराही हलला नव्हता आणि आम्ही सगळे फुशारलो होतो. त्या फुशारकीत गिरणीचा वाटा कुणीच धरला नव्हता.

कार्यक्रमाचा पहिला भाग झोकात झाला. मी मंचाच्या बाजूच्या पडद्याआड निवेदकाच्या माईकजवळ कोमट पाण्याची बाटली घेऊन उभी होते. मग पेटी बाजूला सरली, ढोलकी थांबली आणि ‘नदीबाई’ सुरू झालं. पहिल्या दोन ओळी सुरेख आल्या. तिसरीला मला काहीतरी खुपलं. चौथीपर्यंत कळलं, की मंडळी खाली घसरतायत आणि तीही सगळी मिळून नव्हे. कुणी जागेवर, कुणी थोडं खाली, कुणी त्याहून खाली. एका नदीचे तीन काठ झाले. प्रेक्षकांना अजून समजलं नव्हतं, पण मीनाताईंचा हवेतला हात किंचित थबकला आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या शीतलचा चेहरा पांढरा पडला. शेवटच्या कडव्यात तिला एकटीला वर चढायचं होतं आणि कुठल्या काठावरून चढायचं तेच तिला कळत नव्हतं.

मी नकळत चपला काढल्या होत्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित तळपाय काहीतरी शोधत असावेत. खालची फरशी गार होती, गुळगुळीत आणि अगदी मुकी. आणि मला एकदम उमगलं. आम्ही इतकी वर्षं नुसत्या गळ्यांनी कधी गायलोच नव्हतो. आमच्या पायाखाली सतत कुणीतरी सूर धरून उभं होतं. त्या सभागृहात सगळं होतं, फक्त गिरणी नव्हती.

कडवं संपलं. दुसरं सुरू होण्याआधी एक छोटा विराम आहे. मी माईक सुरू केला, तोंड मिटलं आणि माझ्याजवळ उरलेला तो एकुलता एक जाडाभरडा सूर धरला. तो गिरणीचा आहे हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेनं माझं सगळं वरचं नेलं होतं आणि तळाशी जे राहिलं ते नेमकं ते घुमणं होतं, जे रविवारमागून रविवार माझ्या हाडांत मुरलं होतं. सभागृहात तो सूर हलकेच पसरला. मीनाताईंनी वळून पाहिलं नाही, पण विराम लांबवला. मागच्या रांगेतल्या बापटकाकांचे खांदे सैल झालेले मला दिसले, आणि दुसरं कडवं उचललं गेलं ते सगळं एका जागेवरून.

मी श्वासाला थांबत, पुन्हा धरत राहिले. गळा दुखत होता. शेवटचं कडवं आलं, सगळे थांबले आणि शीतलनं पडद्याकडे पाहिलं. मी हात वर केला. इथून इथपर्यंत. थोडं थांब. आणखी वर. ती चढली, तार षड्जाच्याही वर, माझ्या त्या जुन्या जागेवर जाऊन पोचली आणि तिथून तिनं आभाळ दाखवलं. खालून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला आनंद झाला आणि छातीत कळही आली. ती जागा आता माझी नव्हती, हे खरं होतं. पण त्या जागेखाली मी होते, हेही खरं होतं.

लोकांना वाटलं, ही योजनाच होती. काहींनी येऊन त्या गंभीर नादाचं कौतुक केलं आणि कुठलं यंत्र वापरलंत असं विचारलं. सगळी पांगापांग झाल्यावर, मी कप गोळा करत असताना मीनाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“बाबांच्या पार्टीत झील धरायला माझा काका असायचा,” त्या म्हणाल्या. “मागं उभा राहून एकच सूर धरायचा. पुढचा माणूस चुकला तर बाबा सांभाळून घ्यायचे. पण काका आला नाही, तर बाबा गायलाच उभे राहायचे नाहीत.”

मग त्यांनी माझ्या हातातले कप घेतले आणि स्वतः विसळायला गेल्या.

पुढच्या रविवारी मी दळणाचा डबा घेऊन गल्लीत शिरले आणि चमकले. वास होता, आवाज नव्हता. हरेशशेठ गिरणीच्या पायरीवर हात पुसत उभे होते. ते अंबरनाथला कार्यक्रमाला आले होते आणि आमचं गाणं तसल्या शांततेत ऐकून त्यांना गिरणीच्या गोंगाटाबद्दल बहुधा अपराधी वाटलं असावं. म्हणाले, “ताई, आज मशीन बंद ठेवलीय. तुम लोग आरामसे गाओ. इतके दिवस मेरेकोच कळलं नाही.”

वरच्या खिडकीतून मीनाताई डोकावल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुक्या गिरणीकडे पाहिलं आणि आत गेल्या. निवाडा त्यांनी माझ्यावर सोडला होता. मी वर जाऊन सूर धरला असता तर सराव सहज झाला असता, सगळ्यांनी कौतुकही केलं असतं. पण मी डबा शेठच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “चालू करा शेठ. माझे गहू आहेत.”

पट्टा फिरला, जातं जागं झालं, जिन्याच्या लोखंडी कठड्यात ओळखीची थरथर आली. मी पहिल्या पायरीवरच थांबले आणि तोंड मिटून त्याच्यासोबत हलकेच घुमून पाहिलं. शेठनी माझे गहू चाडीत ओतले. घास पडताच गिरणीचा आवाज बसला, अगदी खोल गेला. मी मात्र धरून राहिले, तो परत येईपर्यंत. तो आला. मग मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी वर गेले.