शेऱ्याचा रकाना

पुंडलिकजींकडे किल्ली बनवायला गेलं की ते आधी माणसाकडे बघायचे, किल्लीकडे नंतर. कुठे राहता, घरी कोण कोण आहे, मूळ किल्ली कशी हरवली, हे सगळं विचारून झालं की मग हात पुढे करायचे. मी पहिल्यांदा गेलो तो घरच्या कपाटाची किल्ली घेऊन. "कपाटात काय राहते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साड्या, बायकोचं इतर सामान. "मंग कपाट तुमचं कसं, बाबूजी? वहिनीले घेऊन या. त्याहीनं हो म्हटलं त बनवून देतो." पालिकेत बाबू असल्याची ऐट मी थोडी दाखवून पाहिली. ते शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाची किल्ली घासत बसले. दुसऱ्या दिवशी मला बायकोला घेऊन जावं लागलं, आणि तिने तो किस्सा आजवर किती पाहुण्यांना सांगितला असेल, ते विचारू नका.

मी अजून नोकरीत आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. सौंसर-पांढुर्णा भागातलंच आहे, एवढं पुरे. बसस्टँडच्या मागे पत्र्याच्या सतरा दुकानांची एक रांग होती. सायकल दुरुस्ती, शिलाई, घड्याळं, फोटोच्या चौकटी, असली सगळी लहान पोटापाण्याची दुकानं. गावात त्या रांगेला नुसतं 'लाइन' म्हणत. लाइन संपते तिथे कडुलिंबाचं झाड, आणि झाडाखाली एक लाकडी पेटी, दोन कानशी आणि पुंडलिकजी. त्यांना दुकान असं नव्हतंच. पण सतराही दुकानांची एकेक किल्ली त्यांच्यापाशी असायची. कोणी किल्ली घरी विसरला, कोणी नागपूरला माल आणायला गेला आणि मागे गिऱ्हाईक आलं, की पुंडलिकजी उठून शटर उघडून द्यायचे. किल्ल्या एका तारेच्या कडीत ओवलेल्या. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. चिंध्या शोभाताईंच्या शिलाईच्या दुकानातल्या. "सतरा दुकानांचा मालक झाडाखाली बसते," असं लाइनवाले त्यांना चिडवायचे.

"कुलूप चोरासाठी नसते, बाबूजी," ते मला एकदा म्हणाले होते. "चोर त तोडूनच जाते. कुलूप आपसातल्या लोकाइसाठी असते. किल्ली कोणापाशी ठेवाची, हे समजलं पाहिजे माणसाले."

लाइनचा एक रिवाज होता. लाइनमधलं कोणी गेलं, की त्या दिवशी सगळी लाइन बंद. मातीला गेलेली माणसं परत येऊन आंघोळ करीपर्यंत एकही शटर उठायचं नाही. आणि लाइन राखायला एक माणूस मागे थांबायचा. किल्ल्या पुंडलिकजींकडे, म्हणून थांबायचेही तेच. लाइनमधल्या आपल्या जवळच्या माणसांच्या मातीला ते त्यामुळे कधी जाऊ शकले नाहीत, पण त्याबद्दल त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही.

मग लाइनच्या जागी नवी बाजारपेठ बांधायचं ठरलं. ज्यांची दुकानं जाणार, त्यांना पालिकेकडून मदत मिळणार होती. एक हप्ता लगेच, दुसरा नव्या जागी दुकान सुरू झाल्याचं बघून. अट एकच. सर्वेच्या दिवशी दुकान चालू असलं पाहिजे, म्हणजे बंद पडलेल्या दुकानांच्या नावावर कोणी पैसे उचलू नये. अट काही वाईट नव्हती. सर्वे माझ्याकडे आला.

मी रजिस्टर घेऊन भर उन्हात लाइनवर पोचलो, तर सतराही शटरं खाली. आदल्या दिवशी सायकलवाला नारायण नागपूरच्या दवाखान्यात वारला होता आणि त्याची माती रामाकोन्याला, त्याच्या गावी होती. सगळे तिकडे. झाडाखाली एकटे पुंडलिकजी.

सर्वे त्याच दिवशी संपवायचा होता. पुढच्या दिवशी यादी वर जाणार होती. मी पुंडलिकजींना म्हटलं, "किल्ल्या तुमच्याकडे आहेत. शटरं अर्धी-अर्धी वर करा. मी सगळी दुकानं चालू लिहितो आणि जातो."

त्यांनी किल्ल्यांची कडी उचलून पेटीत ठेवली. "नाई होत, बाबूजी."

"अहो, त्यांच्याच भल्याचं सांगतो आहे."

"समजून राहिलो ना मी. पण नारायणची माती झाली नाई अजून. ते लोक तिकडं रडून राहिले, अन् मी इकडं त्याहीची दुकानं उघडू? मले किल्ल्या त्याच्यासाठी नाई देल्या त्याहीनं."

मी वैतागलो. मी माणूस चिडका आहे, आणि उन्हात जास्तच. म्हटलं, निदान तुमची पेटी दुकान म्हणून लिहितो, तुम्ही तर बसलेलेच आहात. तर म्हणे, "मी धंदा करून राहिलो का? नुसता बसून राहिलो." आपण होऊन उपकार करायला जावं आणि समोरच्याने तो नाकारावा, याचा राग फार विचित्र असतो. मी तिथेच झाडाखाली उभं राहून, स्वच्छ अक्षरात, सतरा वेळा 'बंद' लिहिलं. याचा परिणाम काय होईल, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

यादी लागली. लाइनमधलं एकही नाव तिच्यात नव्हतं. काय घडलं ते मीच कचेरीत चार लोकांना सांगितलं होतं, तेव्हा ते लाइनवर पोचायला वेळ लागला नाही. शटरं अर्धी वर न केल्याने सतरा घरांची मदत गेली, असा तो हिशेब लोकांनी मांडला. पुंडलिकजींशी कोणी भांडलं नाही. लोकांनी फक्त आपापल्या किल्ल्या परत मागितल्या. पहिल्या शोभाताई आल्या. नारायणच्या मातीत सगळ्यात जास्त त्याच रडल्या होत्या. "भाऊ, माही किल्ली द्या," एवढंच त्या म्हणाल्या. पुंडलिकजींनी गाठ सोडली, किल्ली दिली आणि चिंधी तशीच कडीत राहू दिली. आठवडाभरात कडीत नुसत्या सतरा चिंध्या उरल्या. मी चहाला जाता-येता बघायचो. बघवत नसे, तरी बघायचो.

त्यानंतर दर मंगळवारी, लोक आपली गाऱ्हाणी घेऊन साहेबांपुढे येतात त्या रांगेत, पुंडलिकजी दिसू लागले. हातात एकच अर्ज. लाइन बंद पडली नव्हती, एका दिवसाच्या दुःखाने बंद होती, हे ते सांगायचे. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना कागद लागायचा. नारायण त्याच वेळी वारला याचा दाखला आणा, असं सांगण्यात आलं. दाखला नागपूरचा. नारायणच्या बायकोला घेऊन ते दोनदा नागपूरला जाऊन आले. मधल्या काळात लाइन पाडली गेली. कडुलिंबही गेला. माणसं पांगली, कोणी रेल्वे फाटकापाशी, कोणी सौंसर रोडला, कोणी घराच्या ओसरीत. पुंडलिकजी पेटी डोक्यावर घेऊन सावली सापडेल तिथे बसू लागले.

दाखला आल्यावर साहेब म्हणाले, "यावरून माणूस वारला हे कळतं. दुकानं त्यासाठीच बंद होती, हे कोण सांगणार?"

त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात माझ्या सर्वेच्या पानाची नक्कल होती. रागाने काही बोलतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी पान माझ्यापुढे ठेवलं आणि काळ्या पडलेल्या बोटाने शेवटची उभी जागा दाखवली.

"हा रकाना कायचा हाय, बाबूजी?"

"शेऱ्याचा. काही विशेष असलं तर त्यात लिहायचं."

"मंग रिकामा काहून हाय?"

 त्यांनी पान घडी घालून खिशात ठेवलं आणि ते गेले. तुमच्यामुळे झालं, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, पुढेही कधी म्हणाले नाहीत. पुढच्या मंगळवारी मी साहेबांना लेखी दिलं, की दुकानं शोकामुळे बंद होती, मला ते जागेवर सांगण्यात आलं होतं आणि मी ते लिहिलं नाही. माझ्याकडून खुलासा मागवला गेला. बोलणी खाल्ली. त्यात गैर काही नव्हतं.

सतराही नावं यादीत आली, नारायणच्या जागी त्याच्या बायकोचं. पुंडलिकजींचं आलं नाही. यादी दुकानांची होती आणि त्यांचं दुकान नव्हतं. मी म्हटलं, तुमचा वेगळा अर्ज करू, मी लिहून देतो. ते हसले. "माह्यं काय तुटलं? झाडाखाली बसत होतो, दुसरं झाड पाहीन." पहिला हप्ता मिळाल्यावर शोभाताई नव्या दुकानाची किल्ली घेऊन त्यांना शोधत आल्या. मान खाली. पुंडलिकजींनी काही विचारलं नाही. कडीतली निळी चिंधी शोधून काढली आणि किल्ली बांधली. मागून एकेक करत सगळ्यांच्या आल्या.

दुसऱ्या हप्त्याच्या तपासणीचं काम साहेबांनी मुद्दाम मलाच दिलं. मी रजिस्टर घेऊन सकाळी शोभाताईंच्या दुकानी गेलो. कुलूप. तिथून रेल्वे फाटकापाशी घड्याळवाल्याकडे. तिथेही कुलूप. शेजारचा नवा पानवाला म्हणाला, "सगळे लोधीखेड्याले गेले, बाबूजी. ते किल्लीवाले बाबा होते ना, लेकीच्या घरी वारले. तिकडंच माती हाय."

मी त्याच्या टपरीसमोरच्या बाकावर बसलो. लोधीखेड्याची बस अर्ध्या तासात होती. मला जायचं होतं. त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं राहून गेलं होतं, आणि जिवंतपणी त्यांनी ते ठेवू दिलं नसतं. पण मी गेलो नाही. तपासणीचा तो शेवटचा दिवस होता, दुकानं गावभर पसरलेली होती, आणि लाइन राखायला कोणीतरी मागे थांबायचं असतं.

बस माझ्यासमोरून गेली. मग मी उठलो आणि सतराही दुकानांपुढे जाऊन उभा राहिलो. प्रत्येक कुलपापाशी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'दुकान चालू आहे. मालक पुंडलिकजींच्या मातीला गेले आहेत.'