मोठ्या गाडीचे कॅलिपर

हे गेल्यावर आठ महिन्यांनी मी गाडी शिकले. वय सत्तेचाळीस. साताऱ्याहून बहीण फोनवर म्हणायची, "गाडी विकून टाक आणि इकडे ये." पण चेन्नईतली शाळेची नोकरी सोडवत नव्हती, आणि गाडीही.

हे चेन्नईजवळ आवडी इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात फोरमन होते. सुट्टीचा दिवस गाडीखाली जायचा. एकदा ते अपघातात मोडलेल्या मोठ्या मॉडेलचे पुढचे कॅलिपर घेऊन आले. चाकाची तबकडी चिमटीत धरून गाडी थांबवतात ते. आमच्या छोट्या गाडीला बसवले आणि म्हणाले, "आता ब्रेक बघ."

एका सकाळी सरावासाठी मी एकटीच श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागले. पुढे कंपनीची बस कामगारांना घ्यायला थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल खोल गेलं आणि पायाखाली थरथरायला लागलं. बस हातभर अंतरावर असताना गाडी थांबली. कामगार माझ्याकडे बघत बसमध्ये चढले. घरी आल्यावर घडलेलं सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडपळनीच्या मेकॅनिककडे गेले. वयस्क माणूस. मला समजावं म्हणून तमिळ सावकाश बोलायचा. चाक काढून त्याने विचारलं, "हे कुणी बसवले?"

"माझ्या नवऱ्याने. त्यांचं काम चुकीचं नसतं."

"हात चांगलाच आहे, अम्मा. पार्ट चुकीचा आहे."

मोठ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जातं. शिवाय आमच्या गाडीला एबीएस होतं. चाक अडकायला लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा धरतं. पण ते मूळ ब्रेकच्या मापाने बसवलेलं. आता पुढची चाकं लवकर अडकतात आणि ते नको तेव्हा मध्ये येतं.

"त्यांच्या हातात कधी असं झालं नाही," मी म्हणाले.

"पुढच्या गाडीपासून लांब राहत असतील."

राहत होते. मध्ये दोन गाड्या मावतील एवढी जागा सोडायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मी म्हणायचे, म्हातारे झालात. ते नुसते हसायचे. म्हणजे त्यांना कळलं होतं. मग परत का काढले नाहीत? कंटाळा आला, की माझ्यासमोर चूक कबूल करायची लाज वाटली? विचारायचं कुणाला?

"काढा," मी म्हणाले.

मूळ मापाचे दोन्ही कॅलिपर बसल्यावर ब्रेकमधली हवा काढायला त्याने मला सीटवर बसवलं. "अमुक्कुंगा," तो चाकापाशी बसून म्हणाला. मी पेडल दाबलं आणि न सांगता धरून ठेवलं. तो "विडुंगा" म्हणाल्यावरच सोडलं.

"कुठे शिकलात?"

"घरी."

ह्यांनी मला एक अख्खी दुपार असंच बसवलं होतं. दाब, धर, आता सोड. कंटाळून मी दोनदा उठून आत गेले होते. दोन्ही वेळा ते हाक न मारता गाडीपाशी थांबले होते.

काढलेले कॅलिपर मेकॅनिकने भंगारात टाकले. मी मागितले नाहीत.

पहिले काही दिवस पाय सवयीने जोरात दाबायचा आणि गाडी हिसका देऊन थांबायची. मग जमलं. जूनपासून शाळेत गाडीनेच जायला लागले. शेजारच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा ठेवते, वळणावर तो घसरतो.